रेंज नसलेल्या वाडीत मदत नेताना

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघाले की चाळीस किलोमीटरच्या आत नसरापूरचा फाटा येतो. इथले लोक त्याला चेलाडी फाटा म्हणतात. महामार्ग सोडून उजवीकडे वळले, बनेश्वरची झाडी मागे पडली, की गाड्यांचा आवाज कमी होतो. पुढे आंबवणे, मार्गासनी, विंझर अशी गावे येतात. डाव्या हाताला राजगडाच्या माच्या दिसू लागतात आणि समोर तोरण्याचा भला थोरला डोंगर आडवा येतो. तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे. २०२४ मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला, पण एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला विचाराल तर तो अजून ‘वेल्ह्याला निघालोय’ असेच सांगेल. आम्हीही या लेखात वेल्हेच म्हणू.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहा जण या भागात दोन दिवस फिरलो. त्यात दोन भगिनी होत्या, कॉलेजात शिकणारी दोन मुले होती आणि बाकीचे दोघे साठीच्या पुढचे. गड चढायला आम्ही गेलो नव्हतो. आमच्या मोहल्ल्यात मदतकार्य करणारा एक छोटासा गट आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा आणि २०२१ मध्ये महाड-चिपळूण बुडाले तेव्हा पीठ, तांदूळ, चादरी, सॅनिटरी पॅड, औषधे असे जे जमले ते घेऊन आम्ही गेलो होतो. हिशेब वहीत, याद्या कागदावर, असे आमचे काम चालते.

यंदा मात्र गटापुढे तीन नव्या गोष्टी आल्या. एका परिचिताने मोबाइलवरचे नोंदणीचे ॲप फुकट देऊ केले. त्यात मदत घेणाऱ्याचा फोटो, आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा साठवता येतो, म्हणजे एकाच घरात दोनदा किट जात नाही. दुसऱ्याने ड्रोन देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्याने सुचवले की उपग्रहाची छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून गरजू घरांची यादी बसल्या जागी काढता येईल. मुलांचे डोळे चमकले. चाचांनी फक्त एवढे विचारले, ‘हे सगळं चालवायचं कुठं?’ उत्तर सोपे होते. आमच्यापासून सर्वांत जवळचा, सर्वांत जास्त पावसाचा आणि दरडीचा डोंगराळ भाग म्हणजे भोर-वेल्हे. उद्या तिथे काही झाले तर आम्ही जाणारच. मग पाऊस सुरू होण्याआधी जाऊन, ज्यांच्यासाठी हे चालवायचे त्यांनाच विचारावे असे ठरले.

रेंजचा दगड

वेल्हे गावात फोनला चांगली रेंज असते. बाजारपेठ आहे, तहसील कचेरी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून केळद आणि मढे घाटाच्या दिशेने निघालो आणि वळणावळणाला फोनवरच्या रेघा कमी होत गेल्या. एका खिंडीनंतर त्या गेल्याच. मढे घाटाच्या कड्यावरून खाली कोकण दिसते. पावसाळ्यात इथे पर्यटकांची रीघ लागते. मेमध्ये मात्र करवंदांची जाळी आणि तापलेला कातळ, एवढेच.

रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीत आम्ही थांबलो. पंधरा-वीस घरे, काही पत्र्याची, काही कौलारू. पाणी द्यायला आलेल्या आजींनी आधी ‘कुठल्या गावचे?’ विचारले, मग ‘जेवलात का?’ विचारले. आशाताई भेटल्या. त्यांनी आम्हाला वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड दाखवला. त्या दगडावर उभे राहिले की फोन लागतो. ‘रोज संध्याकाळी मी इथं येते. मग दिवसभराचे सगळे मेसेज एकदम पडतात. सकाळचा पावसाचा इशारा मला दिवेलागणीला कळतो,’ त्या हसत म्हणाल्या. आम्ही हसू शकलो नाही.

कारण इशारा देणारी साधने आपल्याकडे आज खरोखरच चांगली आहेत. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा धोका आधी सांगते. महसूल मंडळांच्या ठिकाणी ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. २०२३ मध्ये देशभर लोकांच्या फोनवर अचानक मोठा आवाज होऊन चाचणीचा संदेश आला होता, तो आपत्तीच्या वेळी एका भागातील सर्व फोनना एकाच वेळी सावध करण्याच्या व्यवस्थेचा भाग होता. या व्यवस्थेला नंबर जमवावे लागत नाहीत आणि कोणाची वैयक्तिक माहितीही घ्यावी लागत नाही. मनोरा ज्याच्या आवाक्यात आहे त्या प्रत्येक फोनला संदेश जातो. तंत्रज्ञान जबाबदारीने वापरायचे म्हणजे काय, याचा हा एक उत्तम नमुना.

पण मनोऱ्याचा आवाका जिथे संपतो तिथून या वाड्या सुरू होतात. शिवाय जोराच्या पावसात आधी वीज जाते, मग मनोऱ्याची बॅटरी संपते. म्हणजे धोका जितका जवळ येतो तितका फोन मुका होत जातो. आशाताईंनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला आहे. खालच्या गावातल्या एका दुकानदाराला इशारा कळला की तो दूधवाल्याबरोबर निरोप पाठवतो. दूधवाला वाडीच्या तोंडाशी आला की शिट्टी वाजवतो. आमच्या मुलांपैकी एकाने हे सगळे वहीत लिहून घेतले.

निरोप कोणी दिला

पानशेत धरण याच वेल्हे तालुक्यात आहे. पाबे घाट उतरून गेले की तो परिसर लागतो. आंबी नदीवरचे हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. आदल्या रात्री जवान वाळूच्या गोण्या रचून ते वाचवायची शर्थ करत होते. खालचे खडकवासलाही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. आमच्यातल्या चाचांचे वडील तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहत. लोक पळत आले, त्यांनी ओरडून सांगितले, म्हणून घर सोडले, असे ते सांगत. धरणावर रात्रभर जे दिसत होते ते शहरात वेळेवर आणि नीट पोहोचले असते तर काय झाले असते, हा प्रश्न पुण्याची जुनी माणसे आजही विचारतात.

याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एका एस.टी. चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने जाताना त्याला गावच दिसले नाही. कोणत्याही यंत्राने ते टिपले नव्हते. रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसाने टिपले.

२२ जुलै २०२१ रोजी वरंधा घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पुराने रस्ते तुटले होते, मदत पोहोचायला फार वेळ गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड पडली. तिथे तर वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, खोदाईची मोठी यंत्रे वर चढू शकली नाहीत. बचाव पथकांनी आणि गिर्यारोहकांनी चिखलातून डोंगर चढून फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली.

ही उदाहरणे आम्ही तंत्रज्ञानाला नावे ठेवण्यासाठी देत नाही. केरळातल्या मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने २००९ पासून डोंगरात संवेदक बसवले आहेत. पाऊस, मातीतल्या पाण्याचा दाब आणि जमिनीची हालचाल ते मोजतात आणि त्यावरून धोका आधी ओळखता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये कोलकात्यात दरडींचा अंदाज देणारे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. आरंभी दार्जिलिंग, कालिंपाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांसाठी त्याचे अंदाज येऊ लागले. सह्याद्रीलाही हे मिळाले पाहिजे, लवकर मिळाले पाहिजे. फक्त एक लक्षात ठेवावे लागेल. यंत्राने दिलेला इशारा शेवटच्या घरापर्यंत नेणारा माणूस आधीपासून ठरलेला नसेल, तर तो इशारा कचेरीतच राहतो.

अंगठा आणि चिखल

वेल्ह्याकडून परतताना आम्ही एका कातकरी वस्तीत गेलो. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित मानले आहे त्यांत कातकरी येतात. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. कामासाठी सतत स्थलांतर, जमीन नाही, कागदपत्रांची वानवा, हे त्यांचे जुनेच दुखणे. आमच्यातल्या आपांनी नोंदणीच्या ॲपचा विषय काढला. अंगठा घ्यायचा, फोटो घ्यायचा, मग पूर आला तर किट लगेच मिळेल, असे समजावून सांगितले.

एक बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी तळहात पुढे केला. कोळशाच्या भट्टीवर आणि भातलावणीत गेलेल्या त्या हाताची बोटे गुळगुळीत झाली होती. ‘रेशनच्या मशिनवर माझा अंगठा चार-चार वेळा लागत नाय. लावणीच्या दिवसांत तर लागतच नाय. तुमचं मशिन लावून घेईल का?’ त्यांनी विचारले. आपांकडे उत्तर नव्हते. मग बाईंनीच पुढे विचारले, ‘आणि फोटो कुठं जाणार?’

हा दुसरा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. वेल्ह्याच्या वाडीतल्या बाईंना पडलेला प्रश्न जगातल्या मोठमोठ्या संस्थांनाही पडलेला आहे, आणि सर्वांना त्याचे उत्तर नीट देता आलेले नाही.

बांगलादेशातल्या छावण्यांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने रोहिंग्यांची नोंदणी केली. अंगठे, छायाचित्रे, कुटुंबांचे तपशील घेतले. नोंदणी केली तरच रेशन, म्हणून लोकांनी सर्व दिले. पुढे बांगलादेश सरकारने ही माहिती परत पाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारला दिली, म्हणजे ज्यांच्या अत्याचारातून ते पळाले त्यांच्याच हाती दिली. अनेकांना हे कळलेच नव्हते, त्यांना मिळालेली पावती इंग्रजीत होती, असे ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने जून २०२१ मध्ये जाहीर केले. आपण संमती घेतली होती, असे निर्वासित संस्थेचे म्हणणे होते. पण ज्याच्या पोटात भूक आहे आणि समोर धान्याची गोणी आहे, त्याच्या ‘हो’ म्हणण्याला संमती म्हणावे का?

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला. युद्ध आणि आपत्तीत ताटातूट झालेल्यांना शोधून देण्याच्या कामातली ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. रेडक्रॉससारख्या संस्थेच्या कुलपाची ही गत, तर आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाच्या फोनमध्ये ठेवलेल्या आधार क्रमांकांचे काय?

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगणे न्यायाचे आहे. येमेनमध्ये भुकेल्यांचे धान्य मध्येच लाटले जात होते. ते थांबावे म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने अंगठ्याच्या नोंदणीचा आग्रह धरला, सनातील सत्ताधाऱ्यांशी बोलणी फिसकटली आणि जून २०१९ मध्ये तिथली मदत अंशतः थांबवावी लागली. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत सीरियन निर्वासित २०१६ पासून दुकानात डोळ्याची बुबुळे दाखवून सामान घेऊ लागले, पैसे किंवा कार्ड जवळ बाळगावे लागेना. लाखो माणसे आणि वर्षानुवर्षे चालणारी मदत असेल तर ओळख पटवण्याची काहीतरी व्यवस्था लागतेच. पण पंधरा-वीस घरांच्या वाडीत कोणाच्या चुलीवर काय शिजते हे शेजारणीला ठाऊक असते. तिथे एका घरात चुकून दोन किट गेलीच तर नुकसान काही शे रुपयांचे. उलट अंगठा लागला नाही म्हणून एक घर वगळले गेले तर ते नुकसान भरून कसे काढायचे? झारखंडात आधार जोडले नाही म्हणून शिधापत्रिका रद्द झाल्याच्या आणि उपासमारीच्या बातम्या आल्यानंतर केंद्र सरकारलाच ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना बजावावे लागले होते की केवळ आधार नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये.

वरून दिसणारे आणि न दिसणारे

दुसऱ्या दिवशी पुन्हा महामार्गाला येऊन कापूरहोळवरून आम्ही भोरला गेलो. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. राजवाडा अजून उभा आहे. जवळच वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण आहे, १९२८ मधले. धरण भोरचे, पण त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. उन्हाळ्यात पाणी उतरले की पात्रातले जुने कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पाण्याखाली घरे आणि शेते गेली ती खोऱ्यातल्या लोकांची, मळे फुलले ते दूरच्या गावांत. नव्या तंत्राचा फायदा एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, हे या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

इथे बसून आम्ही उपग्रहाच्या यादीचा विचार केला. आफ्रिकेतल्या टोगो देशाने कोरोनाच्या काळात ‘नोविसी’ नावाची योजना राबवली. २०२० च्या अखेरीस तिच्या एका टप्प्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून गरीब भाग आणि मोबाइलच्या वापरावरून गरीब माणसे संगणकाने निवडली आणि पैसे थेट फोनवर पाठवले. साथीच्या काळात घरोघर जाणे शक्य नव्हते, तेव्हा अनेकांना यामुळे लवकर मदत मिळाली. पण ज्याच्याकडे फोनच नव्हता तो या यादीत येणार कसा? आमच्या डोळ्यांपुढे लगेच रेंजचा दगड आला. इथे फोनचा कमी वापर म्हणजे गरिबी की डोंगराची सावली, हे संगणकाला कसे कळणार? आणि वरून पाहिले तर घरकुलाचे पक्के छत दिसेल, पण आत एकटी राहणारी विधवा दिसणार नाही. अशी यादी पडताळायला वाडीतल्याच दोन बायकांना बसवले तर ती उपयोगी पडेल, नाही तर ती चुकेल आणि चुकली हे कोणाला कळणारही नाही.

ड्रोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. आफ्रिकेतल्या रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या दवाखान्यांत जातात. मणिपुरात ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस नेली. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या झाप गावीही त्याच वर्षी ड्रोनने कोरोनाच्या लशीचे ३०० डोस पोहोचवले. म्हणजे हे होते, आपल्याकडे झालेले आहे.

भोरमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे आणि आतल्या खोऱ्यांत भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे भय कायम असते. आमच्या मुलांनी उत्साहाने हिशेब मांडला की ड्रोनने सर्पदंशाची लस पाठवू. आरोग्य खात्यात अनेक वर्षे काम केलेल्या एका ताईंनी शांतपणे विचारले, ‘टोचणार कोण?’ त्या लसीची काही रुग्णांना गंभीर ॲलर्जी येते. ती सांभाळायला डॉक्टर, ऑक्सिजन, औषधे लागतात. कुपी आकाशातून आली तरी दवाखाना येत नाही. तिथे १०८ ची रुग्णवाहिका लवकर पोहोचणे आणि तोवर झोळीत घालून उतरवायला चार तरुण तयार असणे, हीच खरी निकड. ड्रोन उपयोगी पडेल तो रस्ता कुठे तुटला आणि कोणत्या वाटेने जाता येईल हे पाहायला, तेही धुके आणि वारा थांबल्यावर. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींच्या लक्षात आली. या वाड्यांत बायका ओढ्यावर धुणे धुतात, अंघोळ करतात. आकाशात अचानक कॅमेरा घुमू लागला तर त्यांना काय वाटेल? नियमाने जिथे हवाई परवानगी लागते तिथे ती घ्यावीच. पण वाडीची परवानगी त्याहून आधी घ्यावी.

हिर्डस मावळातला प्रश्न

भोरहून महाडकडे निघालो. नीरा देवघरचे पाणी बाजूला ठेवून निगुडघर, हिर्डोशी करत रस्ता वरंधा घाटाकडे चढतो. हा हिर्डस मावळ. पावसाळ्यात हा घाट दरवर्षी वाहतुकीला बंद होतो किंवा अवजड गाड्यांना मनाई होते. माळीणनंतर पुणे जिल्ह्यातली जी २३ गावे दरडप्रवण म्हणून मोजली गेली त्यांत भोरमधल्या कोंढरी आणि धानवलीची नावे वारंवार येतात. डोंगराला भेगा, पुनर्वसनाच्या चर्चा आणि पावसाळ्यापुरते स्थलांतर, हे या भागाच्या बोलण्यात सहज येते.

एका गावात देवळाच्या ओट्यावर पाच-सहा वडीलधारी माणसे बसली होती. आम्ही इशाऱ्याच्या साखळीविषयी, दूधवाल्याच्या शिट्टीविषयी सांगितले. एक आजोबा म्हणाले, ‘पोरांनो, इशारा तर आम्हाला डोंगरच देतो. झऱ्याचं पाणी गढूळ झालं, झाड कललं, की आम्ही वळखतो. पर रातच्याला गुरं-ढोरं, म्हातारी माणसं घेऊन जायाचं कुठं? शाळेच्या दोन खोल्या हायत, त्याही गळत्यात.’

दोन दिवसांत ऐकलेले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. आम्ही ॲप, ड्रोन, उपग्रह असे तीन प्रश्न घेऊन निघालो होतो. गावाचा प्रश्न चौथाच होता आणि त्याला ताडपत्री, पत्रे आणि कोरडा गोठा एवढेच लागत होते.

आम्ही काय ठरवले

परतल्यावर गटाची बैठक झाली. वाद झाले. मुलांना वाटले की आपण मागे राहू. पण मुलांनीच लिहिलेली वही वाचून दाखवल्यावर निर्णय सोपे झाले. दुसऱ्या गावांत, दुसऱ्या शहरांत असे काम करणाऱ्या वाचक बंधू-भगिनींना कदाचित उपयोग होईल म्हणून ते इथे देतो.

अंगठ्याचे आणि चेहऱ्याचे ॲप घ्यायचे नाही. घराला एक क्रमांकाचा कागदी टोकन द्यायचा. नावांची यादी वाडीतल्या बचत गटाकडे राहील, आमच्याकडे फक्त घरांची संख्या, लहान मुले, गरोदर बाया, औषधे लागणारे वृद्ध यांचे आकडे. आधारची झेरॉक्स मागायची नाही. मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही आणि व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. देणगीदाराला सामानाचा फोटो आणि हिशेबाची पावती पुरते. २०१९ च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची चित्रे चिकटवल्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आपण पाहिलेच आहे. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे दान आपल्या घरात कोणी शिकवलेले नाही. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. तो आपल्यासारख्या छोट्या गटाला कितपत लागू होतो हे वकील सांगतील. पण अमानत म्हणजे काय हे समजायला वकील लागत नाही. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू जपायची, गरजेपेक्षा जास्त मागायची नाही आणि काम झाले की परत करायची. माणसाची माहिती हीही तशीच अमानत आहे.

ड्रोन नाकारला नाही. तो पुण्यात राहील. ग्रामपंचायतीने आणि पोलीस पाटलांनी मागितला तर, परवानगीने, रस्ता पाहण्यापुरता जाईल. उपग्रहाची यादी सध्या नको. इशाऱ्याच्या साखळीसाठी मात्र खर्च करायचा. चार वाड्यांना एकेक साधे पर्जन्यमापक, हाताने फिरवायची भोंग्याची शिट्टी, सौर दिवा आणि मोबाइल चार्ज करायची सोय. किती पाऊस झाला की वाडी सोडायची तो आकडा आम्ही ठरवायचा नाही, तो तालुक्याच्या आपत्ती कक्षाकडून आणि जाणकारांकडून घ्यायचा. आणि जमलेल्या रकमेतला मोठा वाटा हिर्डस मावळातल्या त्या शाळेच्या दोन खोल्यांच्या छपरासाठी.

मृगाच्या आधी पत्रे पोहोचले. छपरावर ते ठोकायला गावातली आठ माणसे आणि आमची दोन मुले होती. कातकरी वस्तीतल्या बाईंना टोकन मिळाले आहे, त्यावर एक आकडा आहे आणि अंगठ्याला जागा नाही. आशाताईंकडे पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी आठला त्या त्यातले पाणी मोजतात, वहीत लिहितात आणि संध्याकाळी दगडावर उभ्या राहून आम्हाला आकडा कळवतात.